एका कानात कॉक्लिअर इम्प्लांट, दुसऱ्या कानात श्रवणयंत्र: सिंधुदुर्गातल्या एका भजनी बुवांचं प्रकरण

पार्श्वभूमी

बुवांचं वय 58. कुडाळ तालुक्यातल्या एका गावात भातशेती, काजू आणि हापूसची थोडी कलमं. गावोगाव ओळख मात्र भजनी बुवा म्हणून. स्वतः पेटी वाजवून गातात, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, उभे राहतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. श्रवणाचे आणि उपचाराचे मुद्दे जसेच्या तसे ठेवले आहेत.

ऐकू कमी येण्याची सुरुवात पस्तिशीच्या आसपास झाली. वडिलांनाही उतारवयाच्या आधीच कमी ऐकू येत असे. 44व्या वर्षी पहिल्यांदा तपासणी झाली तेव्हा दोन्ही कान बऱ्यापैकी सारखे होते, उजवा थोडा जास्त उतरलेला. दुकानातून सल्ला मिळाला की एक मशीन पुरे. दोन घेण्याइतके पैसेही नव्हते. श्रवणयंत्र डाव्या कानाला बसलं आणि उजवा कान पुढची 14 वर्षं तसाच राहिला. या एका गोष्टीचा परिणाम पुढे सगळ्या निर्णयांवर झाला.

मी श्रवणतज्ज्ञ. बुवा माझ्याकडे आले तेव्हाचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या उंचीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो याचा आलेख, असा होता. हर्ट्झ म्हणजे आवाजाची उंची, आणि डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं. डावा कान: 250 हर्ट्झला 40 डेसिबल, 500 ला 55, 1000 ला 80, 2000 ला 100, त्यापुढे प्रतिसाद नाही. उजवा कान: 250 ला 80, 500 ला 95, 1000 ला 110, पुढे काहीच नाही. श्रवणयंत्र लावून शांत खोलीत सुट्या मराठी शब्दांची यादी वाचली तर डाव्या कानाने 28 टक्के शब्द बरोबर, उजव्याने जवळजवळ शून्य.

पहिल्या भेटीत ते म्हणाले, "माका आयकाक येता, पण कळणा नाय." अशा ऑडिओग्रामचं याहून नेमकं वर्णन मी केलं नसतं.

अडचण

घरच्यांना एक कोडं सुटत नव्हतं. हाक मारली तर यांना कळत नाही, नातवाचं बोलणं कळत नाही, फोन तर बंदच झालेला. पण पेटीवर बसले की सूर चुकत नाही. "गाताना बरा ऐकू येतं" असं मुलगा थोडा चिडूनच म्हणाला.

कारण ऑडिओग्राममध्येच आहे. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या काळी एक या पट्टीच्या षड्जाची (सा) कंपनसंख्या साधारण 277 हर्ट्झ, तार षड्जाची 554. म्हणजे गाण्यातल्या मूळ सुरांचा पट्टा डाव्या कानाच्या ज्या भागात अजून जीव होता, नेमक्या त्याच भागात येतो. स, श, च, त, फ या व्यंजनांची ताकद त्याच्या कितीतरी वर, 2000 हर्ट्झच्या पुढे. स तर 4000 च्याही पुढे. तिथे हा कान संपलेला. सूर येत होता, स्वर येत होते, बोलणाऱ्याच्या आवाजाचा चढउतार येत होता, आणि शब्दाला आकार देणारी व्यंजनं गळत होती. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आणखीनच अवघड जात होते.

डबलबारीत समोरचे बुवा प्रश्न टाकतात आणि त्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचं असतं. पूर्वी बुवा समोरच्याचे ओठ वाचून निभावून नेत. आता माईक तोंडाच्या इतका जवळ असतो की ओठ झाकले जातात. वर पखवाज, झांजा आणि मंडपातली गर्दी. एका बारीत त्यांनी भलत्याच प्रश्नाला उत्तर दिलं आणि त्यानंतर कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेणं थांबवलं. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तो या प्रसंगानंतर.

समोरचे पर्याय

आधी श्रवणयंत्रालाच पूर्ण संधी दिली. जास्त ताकदीची यंत्रं दोन्ही कानांना लावून पाहिली, उंच आवाज खालच्या पट्ट्यात सरकवून देणारी सोयही चालू करून पाहिली. महिनाभराने डावा कान 28 वरून 32 टक्क्यांवर आला. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशीच उरल्या नसतील तिथे आवाज कितीही वाढवला तरी गोंगाटच वाढतो. तेव्हा इम्प्लांटचा विचार सुरू झाला.

इम्प्लांट श्रवणयंत्रासारखं आवाज मोठा करत नाही. कानामागचा प्रोसेसर आवाजाचे पट्टे वेगळे करतो, डोक्यावर लोहचुंबकाने चिकटलेल्या कॉइलमधून ते आत पाठवतो, आणि आतल्या कानातल्या शंखाकृती कॉक्लिआत घातलेले इलेक्ट्रोड थेट श्रवणाच्या नसेला विजेचे ठोके देतात. कंपनीनुसार हे इलेक्ट्रोड 12, 16 किंवा 22. निरोगी कानात आतल्या केशपेशी साधारण 3500 असतात. बोलणं समजायला थोडे पट्टे पुरतात. शेजारच्या दोन सुरांमधलं अंतर मात्र जेमतेम 6 टक्क्यांचं असतं, आणि ते पकडायला हे पट्टे फार ढोबळ पडतात. पेटी वाजवणाऱ्या माणसासमोर हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटलं नाही.

दोन्ही कानांना इम्प्लांट हा पर्याय खर्चामुळे आणि डाव्या कानातला नैसर्गिक सूर जाईल म्हणून बाजूला ठेवला. एकाच कानात वरच्या पट्ट्यांना वीज आणि खालच्या पट्ट्यांना श्रवणयंत्र असा मिश्र प्रकारही असतो. पण त्यात शस्त्रक्रियेनंतर उरलेलं श्रवण टिकेलच याची हमी नव्हती.

निर्णयाचा पहिला टप्पा: कोणता कान?

इथे शल्यचिकित्सकांचं आणि माझं मत सुरुवातीला जुळलं नाही, आणि दोन्ही बाजूंना वजन होतं.

त्यांचा कल डाव्या कानाकडे होता. ज्या कानाने इतकी वर्षं आवाज मेंदूपर्यंत पोचवला, त्या कानाची नस जागी आहे, तिथे इम्प्लांट लवकर आणि चांगलं चालेल. उजवा कान 14 वर्षं उपाशी. अशा कानात निकाल कमी येण्याची शक्यता खरीच असते.

माझं म्हणणं असं होतं की डाव्यात इम्प्लांट केलं तर उजव्या कानाला श्रवणयंत्र लावून काही हाती लागणार नाही. माणूस एका कानावर येईल आणि सूरही जाईल. उजव्यात केलं तर निकाल थोडा मंद येईल, पण डाव्यातलं जे आहे ते शाबूत राहील आणि दोन्ही मिळून ऐकता येईल. शिवाय उजवा कान जन्मापासून बहिरा नव्हता. वयाच्या चाळिशीपर्यंत त्या कानाने भाषा ऐकली होती. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या नसा नीट दिसत होत्या, सीटी स्कॅनमध्ये हाडाची रचना सरळ होती.

बुवांनी सगळं कागदावर लिहून घेतलं, वाचलं आणि एकच विचारलं: "डावो कान गेलो तर पेटी पण जातली?" उत्तर होय असंच होतं. उजवा कान ठरला. शल्यचिकित्सकांनीही ते मान्य केलं. मात्र निकाल यायला वर्ष लागू शकतं हे मुलाला आणि सुनेला समोर बसवून स्पष्ट सांगण्याची अट त्यांनी घातली. ती अट फार शहाणपणाची ठरली.

अपंग व्यक्तींना साधनं मिळवून देणारी केंद्राची एडिप योजना प्रौढांच्या इम्प्लांटला लागू होत नाही. कुटुंबाने हापूसची कलमं तीन वर्षांच्या कराराने दिली आणि उरलेल्या रकमेसाठी मुलाने कर्ज काढलं. शस्त्रक्रिया गणपतीनंतर करायची हे बुवांनीच ठरवलं. गणपतीत घरोघरच्या भजनांना न जाणं त्यांना मान्य नव्हतं. वैद्यकीयदृष्ट्या त्यात अडचण नव्हती, आणि पाऊस संपलेला असताना नवं यंत्र सुरू होणं सोयीचंच होतं. मेंदुज्वराचा धोका कमी करणारी न्यूमोकोकल लस आधी दिली गेली.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे दोन महिने

शस्त्रक्रिया मुंबईत झाली, ऑक्टोबरात. टाके भरल्यावर तीन आठवड्यांनी यंत्र सुरू केलं. पहिल्या दिवशी बुवा म्हणाले की सगळी माणसं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. यात काळजीचं काही नव्हतं, बहुतेक प्रौढांना सुरुवातीला असंच काहीतरी वाटतं.

काळजीची गोष्ट दुसरीच घडली. मॅपिंग, म्हणजे इम्प्लांटच्या पातळ्या कानाला जुळवण्याचं काम, करणाऱ्या केंद्रात त्यांना सांगण्यात आलं की मेंदूला नव्या कानाची सवय व्हावी म्हणून डाव्या कानातलं श्रवणयंत्र सहा महिने काढून ठेवा. या सल्ल्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. नव्या कानाला सरावाची गरज असतेच आणि जुना कान सोबत असला की मेंदू ओळखीच्या वाटेने जातो. पण 14 वर्षं उपाशी राहिलेल्या उजव्या कानाच्या भरवशावर माणसाला दिवसभर सोडणं म्हणजे त्याचं आहे तेही ऐकणं काढून घेणं.

बुवांनी सल्ला प्रामाणिकपणे पाळला. मुंबईचा फेरा लांबचा, रात्रभराची रेल्वे, त्यामुळे मध्ये कोणी विचारलं नाही. डिसेंबरअखेर बुवांच्या पत्नी, काकी, एकट्याच माझ्याकडे आल्या. बुवा जेवणाच्या वेळीही बोलत नाहीत, दुपारनंतर प्रोसेसर काढून कपाटात ठेवतात, पेटीवर कापड घातलंय ते उचललेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. नोंदी काढून पाहिल्या. प्रोसेसर स्वतः वापराचे तास साठवतो. दिवसाला सरासरी चार तास. किमान दहा तरी हवेत.

निर्णयाचा दुसरा टप्पा: श्रवणयंत्र परत लावायचं का?

केंद्राशी फोनवर बोललो. दोघांनी मिळून असं ठरवलं: जागेपणी दोन्ही यंत्रं, पूर्ण वेळ. रोज शांत वेळी तासभर डाव्या कानातलं यंत्र काढून फक्त इम्प्लांटवर सराव. सराव सुनेने घ्यायचा, मालवणीत, घरातल्याच विषयांवर. आधी ओठ दिसतील असा, मग तोंडापुढे कागद धरून. प्रमाण मराठीतल्या छापील याद्या सुरुवातीला मुद्दाम टाळल्या. ज्या बोलीत माणूस घरी जगतो, त्याच बोलीत त्याला आधी यश मिळायला हवं.

पण जुनं श्रवणयंत्र नुसतं परत कानात घालून भागत नाही. ते त्या कानाला एकट्याने सगळं काम करायला लावण्याच्या हिशेबाने बसवलेलं होतं. वरच्या पट्ट्यांना भरमसाठ ताकद दिलेली, जिथे कान ऐकतच नव्हता. आता ते काम इम्प्लांटकडे होतं. मी 1500 हर्ट्झच्या वरची ताकद बरीच कमी केली, खालचे पट्टे कानात बारीक नळी घालून मायक्रोफोनने प्रत्यक्ष मोजून भरले, इअर मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) नवीन केला.

मग दोन्ही बाजूंचा तोल. बुवांना खुर्चीत बसवून काकींना समोर दीड मीटरवर उभं केलं आणि बोलत राहायला सांगितलं. आवाज कुठून येतो ते बुवांनी बोटाने दाखवायचं. आधी बोट सारखं उजवीकडे जाई. "उजवीकडे ओढता." उजवी पातळी एक पायरी खाली, डावी थोडी वर, पुन्हा बोलणं. हळू आवाजात, मोठ्या आवाजात, परत. बोट नाकासमोर स्थिर झालं तेव्हा थांबलो. या कामाला वेळ लागतो आणि घाई केली तर ते वाया जातं.

त्यानंतर दोन छोट्या चाचण्या घेतल्या. पहिली: "बापूस इलो." आणि "बापूस इलो?" यांतलं विधान कोणतं आणि प्रश्न कोणता? दोन्हीकडे शब्द तेच, फरक फक्त शेवटी चढणाऱ्या सुराचा. नुसत्या इम्प्लांटवर उत्तर निव्वळ अंदाजाने येत होतं, डाव्या कानाने दहाच्या दहा बरोबर. दुसरी: सात आणि हात, चार आणि तार. इथे डावा कान गोंधळला, इम्प्लांटने बहुतेक बरोबर ओळखले. दोन्ही एकत्र लावल्यावर दोन्ही चाचण्या जमल्या. मुलगा शेजारी बसून बघत होता. "गाताना बरा ऐकू येतं" या तक्रारीचं उत्तर त्याला तिथे मिळालं.

पावसाळा

किनारपट्टीवरच्या माणसाला हा भाग सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. जूनमध्ये श्रवणयंत्राचा आवाज तुटू लागला. इअर मोल्डच्या नळीत दमट हवेचे थेंब धरत होते आणि आवाज तिथेच अडत होता. त्याच आठवड्यात प्रोसेसरच्या मायक्रोफोनची जाळी बुरसटून बोलणं दबकं येऊ लागलं. बुवांना वाटलं कान आणखी गेला.

उपाय साधे होते. नळी फुंकणीने रोज साफ करायची, जाळी बदलायची, रात्री दोन्ही यंत्रं सिलिका जेलच्या डबीत ठेवायची आणि खड्यांचा रंग बदलला की ते वाळवायचे किंवा नवे घ्यायचे. बॅटरी झिंक-एअर जातीच्या, हवेवर चालणाऱ्या. चिकटपट्टी काढल्यावर चार-पाच मिनिटं उघडी ठेवून मग घालायची, आणि पावसाळ्यात त्या कमी दिवस टिकतात हे धरून जास्त आणून ठेवायच्या. प्रोसेसरला रिचार्ज होणारी बॅटरीही मिळाली होती, पण वादळात दोन-दोन दिवस वीज नसते, म्हणून झिंक-एअरचा खोका घरात असलाच पाहिजे असं ठरलं.

वर्षभरानंतर

शांत खोलीत सुटे शब्द: फक्त श्रवणयंत्रावर 30 टक्के, फक्त इम्प्लांटवर 44, दोन्ही मिळून 70. गोंगाटात फरक आणखी ठळक दिसला. इम्प्लांट एकटं पडतं तिथे डाव्या कानातला खालचा पट्टा बोलणाऱ्याचा आवाज गर्दीतून वेगळा काढायला मदत करतो. रोजचा वापर बारा-तेरा तासांवर गेला.

पेटीचा अनुभव मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो टक्केवारीत बसत नाही. नुसत्या इम्प्लांटवर त्यांना सा आणि रे यांतला फरक सांगता येत नाही, अजूनही. डाव्या कानाने तो येतो. दोन्ही चालू असताना सुरुवातीला इम्प्लांटचा आवाज सुरात खडखड करत असे. मग प्रोसेसरमध्ये भजनासाठी वेगळा प्रोग्रॅम केला, त्यात उजवी पातळी खाली आणली. ती पूर्ण बंद करून बुवांनी पाहिलं आणि परत चालू केली, कारण बंद केल्यावर कोरसचे शब्द जात होते. यंदा गणपतीत ते घरोघर गायले. डबलबारी मात्र अजून घेतलेली नाही. समोरच्या बुवांचा प्रश्न मंडपात पूर्ण पकडता येईल याची त्यांना स्वतःला खात्री नाही, आणि मीही आग्रह केलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

44व्या वर्षी उजव्या कानालाही श्रवणयंत्र लागलं असतं तर कोणत्या कानात इम्प्लांट करायचं हा वाद कदाचित उरलाच नसता. पैशांची अडचण असेल तर निदान यंत्र आलटूनपालटून दोन्ही कानांना लावता येतं का, हे तरी बघायला हवं होतं.

शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत डाव्या कानाबद्दल एक ओळही नव्हती. इम्प्लांट बसवणारे एका शहरात, श्रवणयंत्र विकणारे दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र जुळवायची जबाबदारी कोणावरच नाही. ते दोन महिने बुवांनी घरात मुक्याने काढले त्याचं मूळ तिथे आहे. घरी सोडतानाच्या कागदावर "दुसऱ्या कानातलं यंत्र कोण, कधी तपासणार" हे नावानिशी लिहिलेलं असायला हवं. ही मागणी रुग्णाच्या घरच्यांनीही करावी.

यंत्रांची निवडही आधी विचारात घेता आली असती. कॉक्लिअर कंपनीचे प्रोसेसर रीसाउंडच्या काही श्रवणयंत्रांशी आणि अ‍ॅडव्हान्स्ड बायोनिक्सचे फोनाकच्या काही यंत्रांशी जोडता येतात, मग फोनचा आवाज एकाच वेळी दोन्ही कानांत जातो. बुवांचं यंत्र जोडीतलं नव्हतं. फोन आजही एकाच कानाने ऐकावा लागतो.

बुवांच्या जागी लहान मूल असतं तर

जन्मजात बहिऱ्या मुलाच्या बाबतीत घड्याळ फार वेगाने पळतं. एडिप योजनेत अशा मुलांना पाच वर्षांच्या आत इम्प्लांट मिळतं, ते एका कानाला. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची मध्यवर्ती यंत्रणा आहे. दुसऱ्या कानाला श्रवणयंत्र लावणं म्हणून आपल्याकडच्या बहुतेक मुलांसाठी रोजचा प्रश्न असतो. इम्प्लांट झालं की ते दुसरं यंत्र डब्यात जाऊन पडतं, हे मी वरचेवर पाहतो.

मूल "उजवीकडे ओढता" असं सांगणार नाही. तेव्हा रोज सकाळी एकेका कानाला वेगळं तपासायचं: तोंड झाकून आ, ई, ऊ, म, स, श. श्रवणयंत्राच्या कानाने म आणि ऊ यायला हवेत, इम्प्लांटने सहाही. श्रवणयंत्राच्या कानाने नीट बसवूनही म सुद्धा येत नसेल, तर तो कान वर्षानुवर्षं नुसत्या यंत्राच्या आशेवर ठेवू नये. दुसऱ्या इम्प्लांटची चौकशी तेव्हाच करावी. उलट थोडंफार जरी येत असेल तर यंत्र काढू देऊ नये. आईच्या आवाजातला राग आणि लाड यांतला फरक मुलाला त्याच कानाने कळणार असतो.

पुढचा निर्णय

बुवांचा डावा कान थांबलेला नाही. 500 हर्ट्झचा आकडा वर्षात 55 वरून 60 वर गेला. दर सहा महिन्यांनी तो मोजायचा, आणि सोबत दोन्ही मिळून व फक्त इम्प्लांट यांतला फरकही मोजायचा, असं ठरलं आहे. तो फरक नाहीसा झाला आणि पेटीचे सूरही डाव्या कानाने ओळखेनासे झाले, तर डाव्या कानाच्या इम्प्लांटचा विषय काढायचा. त्यातला पेटीचा निकष बुवांनी स्वतः घातला आहे, आणि तो माझ्या नोंदवहीत आकड्यांच्या शेजारी लिहिलेला आहे.